गेलनचं नवं रिव्हॉल्व्हर

“एक भर. एक सोड. मग चार भर. आता घोडा पुरता मागं ओढ, चापाला बोट लाव नि अंगठ्यानं अलगद खाली आण. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवतात ना, तसं. बघितलंस? घोड्याखालचं घर रिकामं. आता हे हातातून खडकावर पडलं तरी कुणाचा जीव जायचा नाही.”

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाचा गेलनचा आवाज. कोरड्या ओढ्याच्या काठी, सेजच्या झुडपांत उभा राहून तो तिला शिकवत होता आणि व्हायोमिंगचा वारा त्याचे शब्द उडवून नेत होता. आज सकाळपासून आर्डिथच्या कानात तोच आवाज घुमत होता. आवाजाचा धनी मात्र तिच्या शेजारीच उभा होता. व्हर्नच्या बंदुकांच्या दुकानात, काउंटरवर पसरलेल्या हिरव्या बनातीवरची चार रिव्हॉल्व्हरं तो एखाद्या नवख्या गिऱ्हाइकासारखा न्याहाळत होता.

“ह्याचं वजन किती म्हणालास?” गेलनने विचारलं.

“अडीच पौंड,” व्हर्नने दुसऱ्यांदा सांगितलं आणि आर्डिथकडे पाहिलं.

“बहिरा झालाय,” ती घाईघाईने हसली. “घरी सांगून सांगून माझा घसा बसतो.”

खोटं होतं ते. वाळल्या गवतात हरणाने कान हलवला तरी गेलनला ऐकू जाई.

सगळी हयात गेलनने काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ सारण्यात घालवली. गाव झोपलेलं असायचं तेव्हा हा निघायचा. गाव जागं व्हायचं तेव्हा रस्ता काळाभोर, मोकळा. शनिवारच्या नेमबाजीच्या मंडळात जुन्या काळचा पोशाख करायचा आणि प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं अशी रीत होती. गेलनला सगळे बर्फ्या म्हणत. आर्डिथला मास्तरीण, कारण ती भरणीच्या टेबलापाशी बसायची. तिथे येणारा प्रत्येक जण तिच्या डोळ्यांदेखत रिव्हॉल्व्हर भरी. फिरत्या चक्रात घरं सहा, पण काडतुसं पाचच, आणि घोडा रिकाम्या घरावर टेकलेला. तिने मान हलवल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. अंगठ्याने घोडा मागे ओढल्याखेरीज न उडणारी ती जुन्या बांधणीची हत्यारं. पण घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असेल, तर नुसता एक धक्का पुरे.

मे महिन्यात गेलन टेबलापाशी आला. एक भरलं आणि सोडायचं घर सोडलंच नाही. एकापाठोपाठ एक पाचही भरली, घोडा खाली आणला आणि मागे कुणी हाक मारली म्हणून हसत वळला. आर्डिथला घोड्याखाली पितळेची कड चमकलेली दिसली. नियम सोपा होता. असा नेमबाज त्या दिवशी बाद. मास्तरणीने याच चुकीसाठी भल्याभल्यांना घरी पाठवलं होतं, एकदा तर मंडळाच्या अध्यक्षांनाही. त्या दिवशी ती म्हणाली, “चक्रात धूळ गेलीय रे. रिकामं कर, पुन्हा भर.”

त्याने मुकाट्याने पुन्हा भरलं. ती कुणालाच काही बोलली नाही. आणि आता, दोन रिव्हॉल्व्हरांची जुनी जोडी पेटीत नीट असताना, त्याला नवं रिव्हॉल्व्हर घ्यायची लहर आली होती.

“गेलन, हे घे ना.” तिने तिसरं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. “नव्या बांधणीचं. आत पोलादी पट्टी असते. चाप ओढल्याशिवाय घोडा काडतुसाला लागतच नाही. सहाही भरली तरी धोका नाही.”

व्हर्नने तोंडावर हात ठेवला. “मास्तरीणबाई! मागच्या वर्षी ह्यालाच तुम्ही पोरांचं खेळणं म्हणाला होतात.”

“माणसानं मत बदलू नये की काय?”

“बदलावं की. बायको बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं,” गेलन म्हणाला आणि दोघं पुरुष खो खो हसले.

हसला की तो अगदी पूर्वीसारखाच दिसायचा. तिला वाटे, उगाच घाबरतेय मी. कुणाचं एखादं घर चुकत नाही? मग तो किल्ल्या शोधत अंगणात उभा राही, किल्ल्या हातातच असत, आणि तिला पुन्हा ती पितळेची कड दिसे.

त्याने लांब नळीचं पहिलं उचललं आणि तिच्याकडे दिलं. “धर बघू.”

“मी कशाला?”

“धर तर.”

तिने ते रिकामं असल्याची खात्री केली, नळी भिंतीकडे ठेवली आणि धरलं. नळीचं टोक खाली झुकू लागलं.

“तोंडाकडं जड आहे,” गेलन पुटपुटला. “दुसरं.”

दुसऱ्याची मूठ चांगली होती, पण घोड्याचं टोक उंच होतं. तिचा अंगठा जेमतेम पोचला. गेलन वाकून तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला. ‘ह्याला स्वतःच्या हाताचा अंदाज राहिला नाही, म्हणून माझ्या हातावरून ठरवतोय,’ तिच्या मनात आलं आणि डोळे भरून येतील म्हणून ती भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडे पाहू लागली.

“काडतूस कुठलं चालतं ह्यात?” त्याने पट्टीवाल्याकडे बोट दाखवलं.

“अडतीस बोअरचं हलकं चालतं,” व्हर्न म्हणाला. “झटका म्हणशील तर मांजरानं पंजा मारल्यासारखा. पण तू तर पंचेचाळीसवाला गडी. तुला हे मिळमिळीत वाटेल.”

“घोडा?”

“रुंद आणि बसका. अंगठा आपोआप बसतो.”

गेलनने ते हातात घेतलं. आखूड नळी, बारीक मूठ. त्याच्या रुंद पंजात मूठ हरवून गेली आणि करंगळी खाली लोंबत राहिली. मग त्याने ते आर्डिथकडे दिलं. तिने घोडा ओढला. सायकलची घंटी वाजवावी इतक्या सहज तो मागे आला. मूठ तिच्या तळव्यात बसली ती बसलीच.

“हेच,” गेलन म्हणाला.

“अरे, पण तुझी करंगळी...”

“नावावर कुणाच्या करायचं?” व्हर्नने विचारलं.

“आर्डिथच्या.”

व्हर्न पेटी आणायला आतल्या खोलीत गेला आणि चांगला वेळ तिकडेच राहिला. दुकानात फक्त छताच्या पंख्याचा आवाज होता. आर्डिथने रिव्हॉल्व्हर बनातीवर ठेवलं, नळी भिंतीकडे करून.

“हे काय नवीन?” ती म्हणाली. “मी टेबलापाशी बरी आहे.”

“टेबलापाशी बसून बसून वाळून चाललीयस. माझ्याहून चांगला नेम होता तुझा.” तो बनातीवरची सुरकुती बोटाने सरळ करत होता. “आर्डिथ, मला मोजता येईना झालंय गं. पाचपर्यंत. डोक्यात आकडे असतात. हात चालू झाला की उडून जातात. वारा आला की चिमण्या उडतात तशा.”

 इतके दिवस हे आपण त्याला कसं सांगावं म्हणून ती झुरत होती आणि त्याचं त्याला ठाऊक होतं.

“मग तू काय करशील शनिवारी?” तिने विचारलं. “माझ्या जागी टेबलापाशी बसशील?”

“तिथंही मोजावंच लागतं की, येडे.” तो हसला. “मी मागं उभा राहीन. तुझी गोळी नेमाच्या पत्र्यावर वाजली की ओरडेन. ओरडायला आकडे लागत नाहीत.”

तीही हसली. हसताना तिने त्याची करंगळी पकडली आणि तशीच धरून ठेवली.

“फक्त हा एक शनिवार मला दे,” तो हळूच म्हणाला. “माझ्या जुन्या जोडीनं एक शेवटचा डाव. मग पेटी बंद. मे महिन्यात नीट खेळलो होतो की मी. तेवढी धूळ गेली चक्रात, एवढंच. एक डाव, आर्डिथ. तू असशीलच ना टेबलापाशी.”

हो म्हणणं किती सोपं होतं. ती असेलच. ती पाहीलच. नाहीतरी काही झालं नव्हतंच. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वाट मोकळी आहे का, असं विचारणारा चेहरा. जन्मभर इतरांसाठी वाट मोकळी करणाऱ्याचा.

आत व्हर्नच्या हातून काहीतरी खाली पडलं. दोघंही दचकले.

“धूळ नव्हती, गेलन,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता तसा कापला नाही. करंगळीवरची पकडही तिने सैल केली नाही. “घोडा भरल्या घरावर होता. आणि तू हसत वळलास ना, तेव्हा नळी माझ्या पोटाला टेकली होती.”