डिंक कोणी वेचला

बोरकुटे सरांनी लाल पेनाने प्रबंधाच्या कच्च्या पानावरची एक ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं, ‘डिंक स्थानिक बाजारातून विकत घेतला.’

सायमा टेबलासमोर उभी होती. खोडलेली ओळ तिला उलट्या बाजूनेही वाचता येत होती : ‘धावड्याचा डिंक कोसमटोल्याच्या इतवारी मडावी यांनी आमच्या सांगण्यावरून वेचला.’

“सर, बाजारातला डिंक तर आपण फेकून दिला होता.”

“ते तुला माहीत आहे आणि मला.” सरांनी पेनाला टोपण लावलं. “डिंक वेचण्याच्या परवानगीचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. हे वाक्य वनखात्याच्या हाती लागलं, की प्रकल्प बंद. तुझी पीएचडीपण.”

“पण इतवारीबाईंना पकडलंय, सर. आपला डिंक वेचताना.”

“त्यांना काय होणार आहे? समज देतील, सोडतील.”

इतवारीच्या दिराचा, कोलूचा, सकाळीच एसटीडी बूथवरून फोन आला होता. वनरक्षकाने धावड्याच्या झाडाखालीच तिला धरलं होतं, टोपली जप्त केली होती. झाडांना घाव घातल्याचा गुन्हा लावू म्हणत होते. तीन दिवस रोज सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत रेंज ऑफिसात बसवून ठेवत होते.

घाव! सायमाची कानशिलं तापली.

दोन वर्षांपूर्वी आठ महिने तिच्या प्रयोगातले कण बिघडत होते. डिंक पाण्यात विरघळवून गाळायचा, त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे आणि त्यांच्या पोटात हिवतापाचं औषध भरायचं. ते रक्तात हळूहळू सुटलं, की थोडक्या औषधात ताप उतरावा, असं ते काम. पण व्यापाऱ्याकडच्या डिंकाच्या सकाळपर्यंत गुठळ्या होत. शेवटी ती चंद्रपूरहून बस धरून कोसमटोल्याला गेली. इतवारीने तिच्या पिशवीतला एक खडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला.

“कुऱ्हाडीनं घाव घालून काढला हाय हा. साल बी मिसळली. झाड आपल्या मनानं देते, तो डिंक येगळा रायते, बाई.”

भर चैत्राच्या उन्हात रान फिरून तिने मधाच्या रंगाचे खडे आणून दिले. त्यांचे कण महिनाभर जसेच्या तसे राहिले. तेव्हापासून प्रयोगशाळेत तिचाच डिंक येत होता. औषध कशावरचं, एवढंच तिने विचारलं होतं. तापावरचं, असं सायमा म्हणाली, तेव्हा तिने आपल्या बुधरीबद्दल सांगितलं. नऊ वर्षांची पोर तापाच्या तिसऱ्या दिवशीच गेली होती.

सायमाने टेबलावरचा कागद उचलला.

“ही ओळ राहील, सर.”

“मग माझी सही राहणार नाही.”

तिने प्रयोगवही काखेत मारली. जिना उतरून तिने कोसमटोल्याकडची बस धरली.

रेंज ऑफिसच्या व्हरांड्यात इतवारी बाकावर बसली होती. सायमा थेट आत गेली आणि प्रयोगवही रेंजरसमोर उघडून ठेवली.

“हा डिंक मी मागितला होता. हे बघा, तारखा. हे त्यांचं नाव.”

रेंजरने दोन पानं चाळली. “परवानगी?”

“नाही.”

“मग तुम्हीपण आरोपी व्हाल, मॅडम. शिकलेल्या दिसता. घरी जा. या बाईचं मी बघतो.”

“तीन दिवस बघूनच राह्यले ना तुम्ही?” तिचा आवाज चढला. कोपऱ्यातल्या बाबूने मान वर केली. “झाडं बघितली का? एक तरी घाव दाखवा मला! डिंक आम्हाले पाहिजे होता, नाव आम्ही खोडणार, आणि बसवून यांना ठेवणार? लिहा माझं नाव. सायमा हाफिज शेख.”

रेंजरने कागद ओढला आणि जबाब लिहून घेतला.

“उद्या सकाळी झाडं पाहू,” तो म्हणाला. “घाव नसले, तर घाव घातल्याचं कलम काढू. विनापरवाना वेचल्याचं राहील. ते दोघींवर.”

सायमा बाहेर आली. बाकाजवळ उभी राहून तिने झालेलं सगळं सांगितलं. आता इतवारी काहीतरी बरं बोलेल, असं तिला वाटलं होतं.

“औषध बनलं का?” इतवारीने विचारलं.

“बनलं. सध्या उंदरांना देऊन राह्यलो.”

“उंदरांले. आन् माणसाले?”

“दहा वर्षं तरी लागतील.”

इतवारीने अंगणातल्या जप्तीच्या लाकडांकडे तोंड फिरवलं.

“आत तू जे सांगतलं,” ती म्हणाली, “झाडं पाहा म्हणून, ते मी पयल्याच दिशी सांगतलं होतं त्याले. दुसऱ्या दिशी बी सांगतलं. माहं काऊन नाई लिहिलं त्यानं?”

बाकावर टेकायला आलेली सायमा तशीच सरळ झाली आणि पुन्हा आत गेली. रेंजर तिचा जबाब फायलीत लावत होता.

“साहेब, तो वर नका लावू. आधी यांचा लिहा.”

“त्यांचं काय लिहायचं? तुमच्यात आलंच की सगळं.”

“नाई आलं,” दारातून आवाज आला. इतवारी उंबऱ्यात उभी होती. पदर खोचून ती आत आली आणि टेबलासमोरची खुर्ची ओढून बसली. “लिहा. माहं नाव इतवारी चैतू मडावी.”