कपाटावरचा आरोप

नव्या कपाटाच्या प्लायवूडमधून वायू सुटतो आणि त्यानेच मामींचे डोळे चुरचुरतात, असं मामांनी जाहीर केलं. सुताराची दोन महिन्यांची मेहनत आज उखडली जाणार होती. हवा मोजणं हे माझं काम, म्हणून मला बोलावलं. मोजणी नीट व्हावी म्हणून कालपासून खिडक्या मीच बंद ठेवायला लावल्या होत्या.

मी मीटर कपाटात धरला. आकडा ढिम्म हलला नाही. मामांकडे वळलो, तसा आकडा चढतच गेला. सकाळपासून दारात उभा असलेला सुतार पहिल्यांदाच खुर्चीत टेकला.

"मामा, केसांना काही लावलंय?"

"छे! माझे जन्मापासून काळे आहेत."

"आणि कान? तेही जन्मापासून काळे?" मामींनी डोळे पुसत विचारलं.

मी अहवालात लिहिलं: कपाट निर्दोष. वायूचा स्रोत घरभर फिरतो, वय अठ्ठावन्न, आरोप त्याला अमान्य.