पन्नास मालकांची खोली

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. वय अठरा वर्षं. माणसाला अठरावं म्हणजे मिसरूड फुटायचं वय, पण समुद्रकाठच्या खोलीला ते म्हातारपणच. खारं वारं बिजागऱ्या खातं, ओल भिंतीत शिरून बसते, दार दर पावसाळ्यात फुगतं आणि कुणीतरी लाथ मारून ते उघडतं. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी रागावलेली आहे, आणि का ते सांगायलाच बसले आहे.

नागावात समुद्राला लागून एक नारळाची वाडी होती. एका कंपनीनं ती घेतली, अकरा माड तोडले आणि तिथं रिसॉर्ट बांधलं. त्याच्या तळमजल्यावरची मी एकशेसात नंबरची खोली. मला भागोजी गवंड्यानं बांधलं. बोलायला तिरसट, पण हाताला सोनं. माझी खिडकी त्यानं नकाशापेक्षा हातभर खाली घेतली म्हणून इंजिनियर त्याच्यावर खेकसला.

भागोजी थापी खाली ठेवून म्हणाला, "सायेब, मानूस हितं आराम कराया येनार ना? मंग खाटंवर पडल्या पडल्या दर्या दिसाया पायजे. न्हाय दिसला तर ही खिडकी न्हाय, भोक हाय."

इंजिनियरनं नकाशाची गुंडाळी केली. वर भागोजीनं खिडकीला असा रुंद छज्जा काढला की कितीही झोडपणारा पाऊस असो, आत थेंब येऊ नये. त्या खिडकीवर माझा आजही जीव आहे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा राग तिच्यापायीच आहे.

आता माझ्या मालकांबद्दल. तुमच्या घराला एक मालक असेल, फार तर भावाभावांत दोन. मला पन्नास आहेत. कंपनीनं मला आठवड्यांनी विकलं. वर्षाचे बावन्न आठवडे, त्यातले दोन दुरुस्तीला राखून ठेवलेले, बाकी पन्नास पन्नास घरांना. ज्यानं जो आठवडा घेतला, त्या आठवड्यात दरवर्षी मी त्याची. वर दरवर्षी सगळ्यांनी माझ्या देखभालीची रक्कम भरायची, आलात तरी आणि नाही आलात तरी. दुरुस्तीचे ते दोन आठवडे कागदावर आहेत असं मी ऐकलं आहे. प्रत्यक्षात अजून पाहिलेले नाहीत.

या व्यवहारात चांगलं काहीच नाही असं म्हटलं तर मी खोटी पडेन. पुण्याचे प्रणय आणि त्यांचं कुटुंब बघा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा त्यांचा. नाताळात नागावला खाट मिळायची मारामार असते, पण त्यांना ना शोधाशोध, ना कुणाला फोन. आले की गाडीतून थेट माझ्यात. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या दारामागे उभ्या राहून पेन्सिलीनं उंचीची रेघ ओढायच्या. दहा डिसेंबरांच्या, दोघींच्या दहा-दहा रेघा होत्या तिथं. एकदा रंगाऱ्यानं ब्रश फिरवून त्या पुसल्या, तेव्हा धाकटी मुसमुसून रडली होती आणि मलाही वाईट वाटलं होतं. ज्याला हवा तो आठवडा मिळाला आणि दरवर्षी यायला जमलं, त्याला मी लाभले. ज्याला नाही जमलं, त्याच्या तोंडाला पानं पुसली गेली.

येसाजींचं तसंच झालं.

येसाजी माणगावजवळच्या एका गावचे. एस.टी.त वाहक होते, निवृत्त झाले आणि पुन्हा पूर्णवेळ भातशेतीत आले. सहा वर्षांपूर्वी माणगावच्या बाजारात कंपनीनं सोडतीसाठी मांडलेल्या टेबलावर त्यांनी आपलं नाव लिहून चिठ्ठी टाकली, आणि आठवड्यानं फोन आला की तुम्हाला समुद्रकाठी जेवण फुकट लागलं आहे, बायकोला घेऊन या. जोडीनं यायची अट होती. ते तुळशीबाईंना घेऊन आले.

सनी नावाचा विक्री करणारा मुलगा त्यांना माझ्यात घेऊन आला. येसाजींनी नळ सोडून पाहिला, पंखा लावून पाहिला. तुळशीबाई मात्र थेट खिडकीशी गेल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि पाय वर घेतले. त्यांचे पाय मी पाहिले. चाळीस पावसाळे चिखलात भात लावून बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांचे पांढरे वण पडले होते. माणगावहून समुद्र दोन तासांवर, आणि एवढ्या आयुष्यात तो त्यांनी दोनदाच पाहिला होता, दोन्हीदा चालत्या गाडीतून.

"सात दिस हितं नुसतं बसाया मिळालं ना," त्या म्हणाल्या, "तर मला आनखी काय नको."

बस्स, सनीला तेवढंच हवं होतं. "मावशी, सात दिवस कशाला, दरवर्षी सात दिवस! काका, एकदम सिंपल आहे. आठवडा तुमचा, तुमच्या पोराचा, नातवाचा."

येसाजींनी विचारलं, "आन त्या आठवड्यात अडचन आली तर?"

"एक्स्चेंज करायचा. दुसरा आठवडा घ्यायचा."

येसाजींचा चेहरा उजळला. "म्हंजे सावडीसारखं!"

मित्रांनो, सावड तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. त्यांच्या गावात लावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळ्या बाया एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या, परवा तिसरीच्या. पाळी चुकवायची नाही. घरात कुणी आजारी पडलं तर शेजारणीशी पाळी बदलायची, तीही नुसती तोंडी, बांधावर उभ्या उभ्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे हे. त्यामुळे "पाळी" आणि "अदलाबदल" हे शब्द ऐकले की येसाजींसारख्या माणसाला कागद वाचायची गरजच वाटत नाही.

सनीला सावड म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. तरी तो म्हणाला, "हां काका, सेम टू सेम."

त्या एका "सेम टू सेम"बद्दल मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतं ना!

तुळशीबाईंना खिडकीशीच सोडून सनी येसाजींना सह्या करायला ऑफिसात घेऊन गेला. तासाभरानं ते चाळीस पानांची फाइल छातीशी धरून परत आले. चेहरा लग्न ठरवून आल्यासारखा.

"झालं. आठवडा आपला झाला."

"कुठला?"

"जुलैचा दुसरा. त्योच सवस्त पडला."

तुळशीबाईंनी पाय खाली सोडले. "जुलै? अवो, जुलैत माझं पाय कुठं असतात त्ये तुमाला ठाव न्हाय? लावनी सोडून मी दर्या बघत बसू? बाया मला सावडीत उभं तरी करतील का फुडल्या साली?"

"बदलता येतो गं. त्यो पोरगा बोलला ना!"

त्या बाईंनी खिडकीकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली. वाटेत त्या काय बोलल्या असतील ते तुम्हीच समजून घ्या.

पुढची चार वर्षं जुलैचा दुसरा आठवडा माझ्यात कुणी आलं नाही. येसाजी फोन करत राहिले. रंगू, माझी झाडलोट करणारी नागावातलीच बाई, ऑफिसातलं बोलणं ऐकून यायची आणि चादर झटकता झटकता चडफडायची. "मानगावचं काका परत फोन करत व्हतं. ह्ये त्यांना सांगतात, जुलैच्या बदल्यात जुलैच मिळंल, फार तर ऑगस्ट. डिसेंबर गर्दीचा, म्हंजे लाल आठवडा, तुमचा पावसाळ्याचा, हिरवा. हिरव्याला लाल मिळत न्हाय. मंग आधी का न्हाय सांगितलं रं मुडद्यांनो?" सांगितलं होतं. चाळीस पानांत, एकतिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. सनी तोवर नोकरी सोडून गेला होता. देखभालीची रक्कम मात्र येसाजी दरवर्षी भरत होते, मला न पाहता.

शेवटी त्यांनी त्यांच्या रीतीनं करून पाहिलं. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात माझ्या दारावर थाप पडली. प्रणय यांनी दार उघडलं, तर दारात येसाजी, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी.

"तुमी डिसेंबरवालं ना? मी जुलैवाला. ह्याच खोलीचा. एक साल पाळी बदलू या का? तुमी माझ्या आठवड्यात या, आमी तुमच्या. मंडळीला सात दिस दर्या दावायचाय."

प्रणय ओशाळले. त्यांनी येसाजींना आत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "काका, जुलैत मुलींची शाळा असते. आणि खरं सांगू का, पावसात इथं समुद्रात पाऊलही घालू देत नाहीत, पोहायचा तलावही बंद. मी जुलै घेऊन काय करू?" आणि ते पुढं म्हणाले, "मीसुद्धा हा आठवडा तीन वर्षं विकायला काढलाय. मुलींना आता इथं यायचं नसतं. पण देखभाल दरवर्षी वाढते म्हणून कुणी फुकटही घेत नाही."

म्हणजे ज्याला मी लाभले होते, त्याच्याही गळ्यातलं मी लोढणं झाले होते. हे ऐकून मला काय वाटलं असेल?

येसाजी उठले. तांदूळ मात्र त्यांनी तिथंच ठेवला. "राहू द्या. बदल्यात द्याया आनला न्हवता, घरचा हाय." आणि ते गेले. प्रणय यांनी ती पिशवी उचलून भिंतीशी ठेवली. मला त्यांचाही राग आला, जरी त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आणि मित्रांनो, त्यानंतरच्या जुलैत तुळशीबाई आल्या! त्यांच्या आळीतल्या नीराबाईंनी बांधावरच ठरवून टाकलं होतं: तुळशीच्या पाळीला आम्ही जास्तीच्या उतरतो, ती भाताच्या कापणीला दोन दिवस जास्ती येईल, संपलं. ना फाइल, ना लाल-हिरवा. चाळीस पानांना चार वर्षांत जे जमलं नाही ते बायांनी रोपांची मूठ हातात असताना करून टाकलं.

पण मी कशी होते तेव्हा? कंपनीनं दोन वर्षांपासून नवी टूम काढली होती. पावसाळ्यात समुद्राकडच्या खिडक्यांवर बाहेरून प्लायवूड ठोकायचं. काचा धुवायला नकोत, चौकटींना रंग नको. पावसाळ्यात येतंय कोण? हिरवे आठवडेवाले! मी दिवसाढवळ्या आंधळी होऊन पडले होते. भिंतीला बुरशी, गादीला कुबट वास. भागोजीच्या छज्ज्याखाली पाण्याचा थेंब येत नाही हे कुणाला बघायचंच नव्हतं.

तुळशीबाईंनी दार उघडलं, आत आल्या, पडदा सरकवला. समोर फळी.

मॅनेजर धावत आला. "मावशी, मागच्या बाजूची रूम देतो. एकदम कोरडी आहे."

"तिथनं दर्या दिसतो?"

"पार्किंग दिसतं."

"मंग नको. माझ्या कागदावर एकशेसात हाय."

"ऑफ सीझनला मेंटेनन्स चालू असतो, मावशी. समजून घ्या."

तेव्हा ती बाई जी कडाडली! "पाच सालं आमी पैसं भरलं, त्ये ह्या फळीचं व्हय? डिसेंबरवाल्यांच्या खिडकीवर ठोकता का फळी? त्यांचा दर्या दर्या, आन आमचा काय गटार हाय? बायांनी माझी पाळी अंगावर घेतली म्हनून मी हितं आलेय, फळी बघाया न्हाय!"

येसाजी मान खाली घालून उभे होते. मॅनेजरनं हात वर केले. माणसं नाहीत, उद्या बघू, वरून विचारून सांगतो. तो गेला, आणि रंगू पदर खोचून पुढं आली. हातात पक्कड.

"काकी, चला. उद्या काय उजाडत न्हाय त्यांचा."

दोघी भर पावसात बाहेर उभ्या राहिल्या. येसाजींनी फळी खालून धरली, रंगूनं आणि तुळशीबाईंनी आळीपाळीनं खिळे उपसले. गंजलेले अकरा खिळे. शेवटचा निघाला तशी फळी धाडकन चिखलात पडली, आणि माझ्यात उजेड आला.

जुलैचा समुद्र डिसेंबरसारखा निळा नसतो. गढूळ, फेसाळ, आरडाओरडा करणारा. तुळशीबाईंनी पाय पुसले, खाटेवर वर घेतले आणि बघत बसल्या. सात दिवस बसल्या. चौथ्या दिवशी येसाजींनी भीत भीत विचारलं, "कसा हाय?" त्या म्हणाल्या, "माझ्यासारखाच रागावलाय. बरं वाटतं बघाया." अठरा वर्षांत माझ्यात इतकं मन लावून कुणी राहिलं नव्हतं. जाताना त्यांनी माझी खिडकी आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसली. ते अकरा खिळे रुमालात बांधून बरोबर नेले.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि तासाभरात कंपनीनं नव्या खिळ्यांनी फळी परत ठोकली. डिसेंबर आला तशी ती काढली, काचा चकचकीत केल्या, चौकटीला रंग दिला.

मित्रांनो, माझ्यासारखी खोली घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पण घेण्याआधी गोड बोलणाऱ्याला एकतिसावं पान मोठ्यानं वाचायला लावा. तुमच्या आठवड्यात तुमचे पाय कुठं असतात ते घरात विचारा. आणि घेतलीत, तर मला सांभाळा. मी काही माणूस नाही, पण पन्नास जणांनी थोडी थोडी विसरलेली खोली कशी कुजते ते मला विचारा. वर्षातले सातच दिवस तुमचे असतील, पण बाकीच्या दिवसांत मी कशी आहे, एवढा एक फोन तरी करत जा.

यंदाचा जुलै नुकताच सरला. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मी नेहमीसारखी अंधारात होते. कुलपात चावी फिरली. आत आलेल्या तुळशीबाईंनी कुणालाच हाक मारली नाही. त्यांनी पिशवी खाटेवर ठेवली आणि तिच्यातून सगळ्यात आधी घरून आणलेली पक्कड काढली.