मिसरच्या बाईचा तीळ

करुणाच्या डाव्या डोळ्याखाली मोहरीएवढा तीळ होता, आणि दूधवाल्या म्हस्कूच्या म्हणण्याप्रमाणे तोच तीळ सध्या इंदापुरात, मोहनरावांच्या हॉटेलात भिंतीवर होता.

भिंतीवरचं चित्र तिच्या नवऱ्यानं, रविंद्रनं काढलं होतं. बारामतीत तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मोहनरावांनी त्याला एक जुनं विलायती कॅलेंडर दिलं. त्यावर कुण्या गोऱ्या चित्रकारानं काढलेली मिसर देशातली, म्हणजे इजिप्तची, बाई होती. जाळीच्या खिडकीशी बसलेली, बुरख्यातून फक्त डोळे दिसणारी. तिला मोठी करायची, एवढंच काम.

"जसंच्या तसं उतरवलंय," रविंद्र म्हणाला. "तीळबीळ काय न्हाय."

करुणा बीएस्सी झालेली. तिनं कॅलेंडर भिंगाखाली धरलं. त्या बाईला तीळ नव्हता. आता राहिली हॉटेलची भिंत. तिथं तीळ निघाला तर चित्र भिंतीवरून काढायला लावायचं, असं ठरवून तिनं इंदापूरची एसटी पकडली. कुणी ओळखू नये म्हणून स्टँडवर उतरताच स्कार्फनं डोळ्यांपर्यंत तोंड गुंडाळलं.

ती हॉटेलात शिरली आणि भजी तळणाऱ्याचा झारा कढईवरच थांबला. गिऱ्हाइकांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

तीळ होता. भिंतीवर होता आणि स्कार्फच्या वरही होता.

"मी म्हनलं नव्हतं?" एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. "बाई खरी हाय."

मोहनराव गल्ल्यावरून उठले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुसली. "बसा बाईसाहेब. पेंटर म्हनला व्हता, मिसरात जाऊन सोता बघून आलोय. आमाला थाप वाटली. मिसळ चालंल का?"

करुणानं नुसती मान हलवली आणि मागं मोरीवर हात धुवायला गेली. तिथं स्कार्फ सोडून पिशवीत टाकला आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसली.

"ताई, उठा," मोहनराव म्हणाले. "हितं मिसरच्या बाई बसल्यात. हात धुवायला गेल्यात."

साडी तीच होती, तीळही तोच होता. पण स्कार्फ सोडून कशाकडं पाहिलं होतं कुणी?

करुणा शेजारच्या टेबलावर सरकली आणि भजी मागवली. सगळं हॉटेल मोरीच्या दाराकडं डोळे लावून बसलेलं. मिसर देशाची मिसळ निवत होती. तिनं निवांतपणे चित्र न्याहाळलं. बाजारातून मीठ आणायचं विसरणाऱ्या माणसानं तीळ मात्र नेमक्या जागी बसवला होता. चित्र काढायला सांगायचं राहूनच गेलं.

"इंदापूरला गेलतीस म्हनं," रात्री रविंद्रनं चाचरत विचारलं. "दिसला का तीळ?"

"नाही," करुणा म्हणाली. "पण माझ्या भुवया एवढ्या जाड आहेत का?"