मिशीचं नाक, मिशीचे कान

टिल्लू सहा फूट उंच होता आणि पन्नाशीला टेकला होता, तरी घरात त्याला टिल्लूच म्हणत. बाजारात तो चष्मेवाला. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की संध्याकाळपर्यंत लोकांच्या नाकाडोळ्यांशीच गाठ. कुणाचं नाक बसकं म्हणून फ्रेम घसरते, कुणाचा एक कान वर नि एक खाली म्हणून चष्मा तिरका बसतो. समोर कुणीही येवो, टिल्लू आधी चेहरा मापायचा आणि मग नाव विचारायचा.

त्याला कुत्रं हवं होतं, आणि तेही यॉर्कशायर टेरियरच. लहानपणी घरात एक होती. तोंडाभोवती सोनेरी झुपके लोंबायचे, म्हणून तिचं नाव मिशी. आता मुलं शिकायला बाहेर गेलेली, आई त्याच्याकडे राहायला आलेली, आणि दुपारी तो आणि बायको दुकानात असले की ती घरात एकटी.

"आईला सोबत होईल," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

"आईंना कशाला पुढे करता? हौस तुमची आहे," बायको म्हणाली. ते खरंच होतं. त्याला मिशीसारखीच मिशी हवी होती.

म्हणून सुट्टीच्या दिवशी तो निघाला. बरोबर ताई, कारण मिशी तिनंही पाहिलेली. आणि आई, कारण तिला गाडीत बसून बाहेर जायला कुठलंही निमित्त चालायचं. गुडघ्यांमुळे ती पोहोचल्यावर उतरली मात्र नाही. "तुम्ही बघून या, मी इथे संत्रं सोलते," म्हणाली.

ज्या बाई पिल्लं विकायच्या, त्या पूर्वी शाळेची बस चालवत. बस सुटली होती, आवाज सुटला नव्हता. "चपला बाहेर! दार लावा आधी, नाहीतर सगळी पळतील!" अशा गजरात त्यांनी दोघांना स्वयंपाकघरात घेतलं. ओट्याखाली लाकडी फळ्यांचं कुंपण, त्यात जुनी गोधडी, आणि गोधडीवर चार पिल्लं एकमेकांच्या अंगावरून कोलांट्या मारत होती.

टिल्लूनं खाली बसून पाहिलं आणि तो चक्रावलाच. त्याला वाटलं होतं, सगळी एकसारखी असतील. इथे चारांचे चार चेहरे. एकाचं थोबाड आखूड, डोळे बटणासारखे गोल. दुसऱ्याचं नाक लांब नि डोळे जवळजवळ, जणू सतत काहीतरी वास घेऊन विचार करतंय. तिसऱ्याचे कान डोक्यावर ताठ, चौथ्याचे अगदी बाजूला, टोपी घातल्यासारखे.

"ही सगळी एकाच आईची?"

"एकाच आईची," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं एकाच आईचे ना? मग?"

ताई बुटकी, गोलमटोल; टिल्लू म्हणजे ताडमाड. ताई खो खो हसली.

"लोकांना ते आखूड तोंडाचं आवडतं, बाहुलीसारखं," बाई सांगू लागल्या. "दिसतं गोड. पण तोंड फारच आखूड झालं की डोळ्यांतून पाणी काय गळतं, झोपेत घोरतं काय! आणि फार लांब झालं की लोक म्हणतात, हा उंदीर कुणी आणला. मी म्हणते, चेहरा बघून एकदाच घेता, पण स्वभाव रोज सांभाळायचाय."

पण ताईनं तोवर आखूड तोंडाचं पिल्लू उचललंही होतं. "हीच! टिल्लू, बघ, हुबेहूब मिशी. गोल तोंड, कान दोन्ही ताठ. कशी नाकीडोळी नीटस!"

टिल्लूनं नकारार्थी मान हलवली. कोपऱ्यात पाचवी एक बसली होती, या चौघांहून मोठी, आधीच्या वेताची. तोंड लांब, आणि डावा कान अर्ध्यातून मुडपलेला.

"ही राहिली," बाई म्हणाल्या. "कान उभा राहायचा तर एव्हाना राहिला असता. माझीच मेली लाडकी झालीय."

टिल्लूनं तिला उचललं. तिनं त्याचा अंगठा हुंगला आणि मुडपलेला कान फडफडवला.

"ही मिशी," तो म्हणाला.

"अरे, काहीतरीच काय! मिशीचे कान उभे होते."

"डावा पडलेला होता, ताई. मी झोपताना तो बोटानं उचलून धरायचो. सोडला की परत पडायचा."

"आणि नाक? मिशीचं नाक एवढं लांब? तिला बशीतलं दूध पिताना अख्खं तोंड बुडवावं लागायचं!"

"मिशी ग्लासात तोंड घालायची, बशी कसली!"

बहीणभाऊ हमरीतुमरीवर आले. बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि जुन्या सवयीनं ओरडल्या, "भांडायचं असेल तर खाली उतरा!" मग जरा नरमाईनं म्हणाल्या, "गाडीत तुमची आई आहे ना? तिला विचारा की."

एकेक पिल्लू छातीशी धरून दोघं गाडीपाशी आली. मागे बाईही, दार घट्ट लावून. आईनं संत्र्याच्या साली पिशवीत टाकल्या, हात पुसले आणि दोन्ही पिल्लं मांडीवर घेतली.

"आई, तूच सांग," ताई म्हणाली. "मिशी कशी होती? अशी की अशी?"

आईनं एका हातानं गोल तोंड कुरवाळलं, दुसऱ्या हातानं मुडपलेला कान.

"दोन्ही बरोबर," ती म्हणाली. "मिश्या दोन होत्या."

बाई मागच्या मागे दोन पावलं सरल्या.

"टिल्लू, तू अगदी लहान असताना तुझ्या पायाच्या हाडात पू झाला आणि तू दवाखान्यात होतास ना, ताईला शिकायला मावशीकडे ठेवली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी फाटक उघडं राहिलं आणि मिशी दुधाच्या गाडीखाली आली." आई पिल्लांकडे बघूनच बोलत होती. "तू रोज विचारायचास, मिशी काय करते, मिशी जेवली का. डॉक्टर म्हणाले, पोराच्या जिवाला आत्ता घोर लावू नका. मग तुझे बाबा कुठून कुठून हिंडून दुसरी घेऊन आले. मोठीच होती, कुणाला तरी नकोशी झालेली. पण चेहरा कुठे जुळतोय! नाक लांब, कान पडका. मी तिच्या तोंडावरचे केस कापायचंच सोडलं. केसांआड नाक झाकलं. कानाचं तू विचारलंस, तर म्हटलं, केसांच्या वजनानं पडलाय."

"आणि मी सुट्टीत यायचे की गं!" ताई म्हणाली. "मला कसं कळलं नाही?"

"तेव्हा तू बारा-तेराची. आरशात स्वतःचा चेहरा बघण्यातून तुला सवड मिळाली तर ना!"

ताईला हसू आलं, पण टिल्लूकडे बघून तिनं ते गिळलं. तो गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता.

"मी दवाखान्यातून आलो तेव्हा ती खाटेखाली जाऊन बसली होती," तो हळूच म्हणाला. "मी हाक मारली, आली नाही. मिशी, मिशी म्हणून मी रडलो. मग रोज जमिनीवर पालथा पडून तिला बिस्किटं द्यायचो. प्लॅस्टरचा पाय तसाच पसरून. मला वाटलं, मी तिला टाकून गेलो म्हणून ती रुसलीय. मोठा झाल्यावरही, आई, कुठे बाहेरगावी जायचं म्हटलं की मला ते आठवायचं. आपण गेलो की आपली माणसं आपल्यावर रुसतात."

आईचा हात थांबला. हे तिला ठाऊक नव्हतं.

"अरे राजा," ती म्हणाली, "तिला तू माहीतच नव्हतास. रुसेल कशी? ती नव्या घरात आलेली, भेदरलेली. तू तिला बोलावून बोलावून आपलीशी केलीस. तोवर ती कुणाच्या हातचं खातच नव्हती."

टिल्लूनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिला. काच स्वच्छच होती. लहानपणी खाटेखालचे ते दोन चमकते डोळे आपल्यावर रागावलेत असं तो धरून चालला होता. ते फक्त घाबरले होते. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि मग पहिली मिशी आठवली, जिच्यासाठी कुणी रडलंच नव्हतं.

"पहिलीला कुठे पुरलं?"

"मागच्या भिंतीशी. तुझ्या बाबांनी खड्डा खणला आणि आत येऊन नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ."

ताईनं विचारलं, "आणि दुसरीला आयुष्यभर पहिलीच्याच नावानं हाक मारली आपण?"

"तुम्ही मारलीत," आई म्हणाली. "मला वाईट वाटायचं. मुकं जनावर झालं म्हणून काय, दुसरीच्या नावावर किती दिवस काढायचे? घरात कुणी नसलं की मी तिला ठकी म्हणायचे. पोरांना ठकवलं म्हणून ठकी."

"मग यायची ती? ठकी म्हटल्यावर?"

"यायची. मिशी म्हटल्यावरही यायची. हातात बिस्किट असलं की ताटली म्हटलं तरी यायची."

आता मात्र तिघंही हसली. मागे उभ्या बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि दरडावलं, "बोला, कुठली नेताय? उन्हात ठेवू नका त्यांना."

टिल्लूनं लांब नाकाची घेतली. मिशीसारखी म्हणून नव्हे. आता ती कुणासारखी दिसायची काही गरज उरली नव्हती. तिनं त्याचा अंगठा हुंगला होता, तेवढं त्याला पुरे होतं. ताईनं गोल तोंडाची परत बाईंच्या हातात दिली. "मला कुठे कुत्रं हवं होतं?" ती म्हणाली. "मला फक्त वाद जिंकायचा होता."

"जिंकलीस की अर्धा," टिल्लू म्हणाला.

परतीच्या वाटेवर पिल्लू आईच्या मांडीवर होतं. ताई पुढच्या सीटवरून वळून वळून नावं सुचवत होती आणि आई एकेक नापास करत होती: हे फार मोठं, हे शेजारणीचं, हे हाक मारताना जीभ अडखळते. टिल्लू गाडी चालवत ऐकत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं आरशातून मागे पाहिलं. पिल्लू आईच्या मनगटावर हनुवटी टेकून गाढ झोपलं होतं, आणि आई त्याच्या डोळ्यांवर आलेले केस बोटानं अलगद मागे सारत होती.

"घरी गेल्यावर हे केस काप रे," ती म्हणाली. "हिचं तोंड दिसू दे सगळ्यांना."

"कापतो," टिल्लू म्हणाला, आणि दिवा हिरवा झाला.