पालथी पाई

सुहैल एअर आणि मर्जान एअर या विमान कंपन्यांची कार्यालयं दुबईत एकाच रस्त्यावर, समोरासमोर होती, आणि दोघींना एकमेकींचं बरं बघवत नसे. मर्जानने ॲडलेडला आठवड्यातून चार विमानं जाहीर केली, तर सुहैलने पाच. त्यांनी सहा, यांनी सात. तिथे आठवडाच संपला.

"आठवा वार काढता आला असता तर काढला असता," सुहैलच्या नव्या मार्गांचे प्रमुख राशिद अल-केत्बी म्हणाले. सगळे त्यांना अबू सैफ, म्हणजे सैफचे बाबा, म्हणत. ते बोलत होते सल्वा हद्दादशी. सल्वा मूळची लेबनॉनमधल्या झाहलेची; तिला ते उम्म जॉर्ज, जॉर्जची आई, म्हणत. सुहैलच्या विमानांचा अख्खा भटारखाना एकोणीस वर्षं तिच्या हाताखाली होता. "आता लढाई ताटात आलीय, उम्म जॉर्ज. ते कॉफीवर सोन्याचा वर्ख देणार आहेत. आपण माणसाला त्याच्या घरचं जेवण देऊ."

आणि त्यांनी फोटो पुढे केला. वाटाण्याच्या दाट, हिरव्या सूपमध्ये खिमा भरून भाजलेली एक पाई पालथी पडली होती. वर टोमॅटो सॉस.

सल्वाने फोटो आडवा-उभा फिरवून पाहिला. "अबू सैफ, हे सांडलंय."

"नाही. ते असंच खातात."

"कोण म्हणतं?"

"डॅरिल म्हणतो."

डॅरिल पोकॉक हा सुहैलचा ऑस्ट्रेलियातल्या तिकीटविक्रीचा माणूस, ॲडलेडमध्ये जन्मलेला. चव बघायला त्याला मुद्दाम दुबईला आणलं होतं. सल्वाने पहिल्याच दिवशी सात मसाले आणि तुपात परतलेले चिलगोजे घालून पाई केली. डॅरिलने चार खाल्ल्या आणि मान हलवली.

"जमली नाही."

"चार खाल्ल्यास की रे."

"फार चांगली झालीय. आमच्याकडे अशी नसते. माझ्या आईच्या हातच्या पाईत नेमकं काय आहे ते कळतच नाही."

सल्वाने दालचिनी काढली, मग लवंग काढली, मग जीव मुठीत धरून कांदासुद्धा कमी केला. तीन आठवड्यांत डॅरिलचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला, पण मान काही होकारार्थी हलेना. "हा फुकट जेवायला आलाय," तिने मदतनीस बायकांना सांगून टाकलं.

मग सल्वाला जबर सर्दी झाली. नाक चोंदलेलं, जिभेला चव नाही, डोकं भणभणलेलं. तिने हाताला येईल ते घातलं, न येईल ते सोडून दिलं आणि वाडगा त्याच्यापुढे आदळला. डॅरिलने एक घास घेतला. त्याचे डोळे भरून आले.

"हीच," तो म्हणाला. "हीच माझ्या आईची."

पंचाईत अशी की सर्दी दोन दिवसांत गेली आणि तो हातही गेला. शेवटी पहिल्या उड्डाणाच्या सकाळी सल्वाने नाकाला कपड्याचा चिमटा लावला आणि दोनशे चाळीस पाई केल्या. पण असलं बेचव जेवण पाठवायचं, हे मनाला लागून राहिलं. म्हणून तिने कर्मचाऱ्यांच्या डब्यात आपल्या पहिल्या, मसाल्याच्या पाई भरल्या, साठेक, आणि स्वतःही अबू सैफ आणि डॅरिलबरोबर विमानात बसली.

जेवण वाढलं, पण चमचे काही हलेनात. लोक वाडग्यात बघत होते, वाडगे लोकांकडे. तेवढ्यात मागच्या पडद्याआडून भाजलेल्या चिलगोज्यांचा वास आला.

कोलीन ट्रेगेंझा नावाच्या एका आजीबाईंनी सल्वाला हाक मारली. "बाई गं, हे मी उद्या घरी खाणारच आहे. तुम्ही पडद्यामागे काय खाताय?"

दहा मिनिटांत त्या साठ पाई संपल्या, आणि कर्मचारी उपाशी राहिले. सगळ्या विमानात पालथी पाई मनापासून खाल्ली ती दोघांनीच. एक डॅरिल, आणि दुसरे अबू सैफ. त्यांनी तीन वाडगे संपवले.

"वेलची नाही, केशर नाही, काहीच नाही," ते डोळे मिटून म्हणाले. "किती शांत वाटतंय."

ॲडलेडला उतरले तेव्हा डॅरिलची आई मॉरीन विमानतळावर आली होती. सल्वाने तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्या पाईची कृती विचारली.

"पाई? मी?" मॉरीन म्हणाली. "आयुष्यात कधी केली नाही. याचे बाबा कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणायचे. मी नुसती पालथी घालायची."



पुढच्याच आठवड्यात मर्जानने त्यांच्या विमानात पालथी पाई सुरू केल्याची जाहिरात दिली, वर्ख लावून. अबू सैफनी आपल्या माणसांना सक्त ताकीद दिली की आपल्याकडे ती कोणी खाल्ली नाही याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. सुहैलच्या विमानांत तेव्हापासून सल्वाची मसाल्याचीच पाई जाते, आणि ॲडलेडची माणसं दोन तास जास्त थांबावं लागलं तरी तेच विमान धरतात.

त्या पहिल्या मुक्कामात मॉरीनने सल्वाला तिथल्या मंडईत नेलं. वांगी कशी निवडायची यावरून दोघींचं भर बाजारात वाजलं. तेव्हापासून त्या दर रविवारी फोनवर तासभर भांडतात.