शक्तिनाथांचं पालखीभस्म

शिमग्यात आमच्या लांज्याकडच्या गावात पालखी अशी नाचली, की सहाणेभोवतीची, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्याभोवतीची माणसं बघतच राहिली. एरवी थोड्याच वेळात धापा टाकणारी पोरं क्षणभर टेकायची आणि पुन्हा पालखीखाली शिरायची. मांडवात शक्तिनाथबाबा मिशीतल्या मिशीत हसत होते. त्यांचं म्हणणं, पालखीचं वजन त्यांनी मंत्राने अर्धं केलं आणि पोरांना महिनाभर पांढरं भस्म देऊन अंगात तेज भरलं. पोरांची वजनं वाढली होती, हा तेजाचा पुरावा. तेजाला वजन असतं, हे आम्हा अडाण्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

इथवर मी हसून सोडलं असतं. पण पालखी नाचवणाऱ्या बाबूने ही करामत पाहून आपल्या आरोहीचं इन्सुलिन बंद केलं. पोरीला लहानपणापासूनचा मधुमेह. बाबांनी तिलाही भस्म दिलं आणि सुई टोचली तर देवी रुसेल, असं बजावलं. तिसऱ्या दिवशी पोर ओकून ओकून निपचित पडली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मालिनीताईंनी तिला तातडीने रत्नागिरीला हलवलं. तिथे बाकड्यावर बसून त्यांनी बाबूला भस्माचे नियम विचारले, ते ऐकले आणि कपाळाला हात लावला.

आरोही शुद्धीवर आल्यावर ताई बाबूला घेऊन गावात परतल्या. हातात व्यायामाच्या सामानाच्या दुकानातला एक डबा होता. सहाणेवर उभं राहून त्या डब्यावरची सूचना मराठीत सांगू लागल्या.

"पहिला आठवडा दिवसातून चार वेळा एक चमचा. त्यानंतर रोज एकदा."

"आणि पाणी भरपूर," बायांनी पुढचं म्हटलं. बाबांनी भस्मासोबत पोरांना घालून दिलेलं व्रत त्यांना पाठच होतं. मग त्याच एकमेकींकडे बघू लागल्या.

डब्यात क्रिएटिन होतं. ताईंनी समजावलं, की जोर लावला की स्नायूंमधली शक्ती काही क्षणांत संपते. क्रिएटिनचा साठा ती पटकन भरून काढतो, म्हणून जरा टेकलं की पुन्हा जोर मारता येतो. त्यासोबत स्नायूंत पाणी साठतं आणि वजन वाढतं. हेच ते तेज.

कंपनीनेच आपल्या गुरूंचं भस्म चोरलं, असं बाबा म्हणाले. पालखीचं वजन तर मंत्रानेच उतरलंय, असंही वर ठणकावलं. तेव्हा ताईंनी नुकत्याच मुंबईहून आलेल्या, भस्म न चाटलेल्या विनोदला खांदा द्यायला लावला. तो दांड्याखाली वाकला आणि पालखी गेल्या शिमग्याइतकीच जड असल्याचं सांगून मोकळा झाला. त्याची श्रद्धा कमी पडली, असं बाबा पुटपुटले. संध्याकाळच्या आत ते मांडव सोडून पसार झाले. ताईंनी पोलिसांत तक्रार दिलीच.

बाबू मात्र तिथेच उभा होता. "पण पालखी तर नाचली ना, ताई? मग माज्या पोरीला गुण का नाय आला?"

"तुम्हा पोरांच्या स्नायूंना ते उपयोगी पडलं, बाबू. तिच्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही. ते कुठल्याच भुकटीने तयार होत नाही."

बाबू खाली बसून रडला. मला त्याचा राग आला होता आणि कीवही आली.

आरोही वाचली ती नळीतून दिलेल्या इन्सुलिनने. म्हणून सांगतो, एका गोष्टीचा गुण आला म्हणून दुसरीवर डोळे मिटून विसंबू नका. गुण कशाने आला, हे आधी विचारा. देवीला नवस बोलायचा तर बोला, पण पोरीची सुई चुकवू नका.